दाराचा रंग सुटतोय? आधी पोपडे, मग ब्रश!

पाऊस सरतो, ऑक्टोबरचं कडक ऊन पडू लागतं आणि घरोघरी रंगाचे बेत सुरू होतात. दिवाळी तोंडावर असते. भिंतींचा रंग ठरतो, पडदे धुवायला निघतात, पण आतली दारं मात्र दर वर्षी "बघू पुढच्या खेपेला" म्हणून मागे राहतात. खरं पाहता घरात सगळ्यात जास्त हात लागतात ते दारालाच. कणकेचे हात, तेलाचे हात, खेळून आलेल्या पोरांचे हात. शिवाय आतल्या खिळ्यावर टांगलेला ओला टॉवेल आहेच! मग एक दिवस कडीजवळ रंगाला बारीकशी चीर पडते, तिचा पापुद्रा होतो, आणि येता-जाता कुणीतरी तो नखाने सोलत बसतं. महिन्याभरात तळहाताएवढा भाग उघडा पडलेला असतो.

मैत्रिणींनो, अशा दारावर वरून नवा रंग फासला तर दिवाळीपुरतं भागतं, संक्रांतीपर्यंत पुन्हा पोपडे! कारण नवा रंग लाकडाला धरत नाही, तो खालच्या सुटलेल्या पोपड्याला धरतो. पोपडा निघाला की त्याच्याबरोबर नवा रंगही निघतो. म्हणूनच दार रंगवण्याचं खरं काम म्हणजे ब्रश हाती घेण्यापूर्वीची तयारी. ती नीट झाली, तर रंगाचे शेवटचे दोन हात कुणालाही देता येतील.

रंग सुटतो तरी का?

कारण कळल्याशिवाय औषध करायचं नाही, हा नियम इथेही लागू आहे. दाराच्या बाबतीत कारणं साधारणपणे चार.

पहिलं, ओल. मोरीच्या आणि न्हाणीघराच्या दाराचा रंग नेहमी खालूनच का सुटतो, याचा विचार केलात कधी? दाराची खालची आणि वरची कड डोळ्यांना दिसत नाही, म्हणून रंगवणारा ती कोरी सोडतो. त्या कोऱ्या कडेतून लाकूड टीपकागदासारखं पाणी पितं. ओल आतून बाहेर यायला लागली, की रंगाला फुगवून ढकलते.

दुसरं, तेलकटपणा. स्वयंपाकघराच्या दारावर फोडणीच्या वाफेचा चिकट थर साचतो. तो न धुता रंग दिला तर रंग लाकडाला न बसता त्या चिकट्यावर बसतो.

तिसरं, गुळगुळीत जुना रंग. चकचकीत ऑइल पेंट न घासता त्यावर दुसरा रंग दिला तर त्याला पकड मिळत नाही. विशेषतः खाली जुना ऑइल पेंट आणि वर पाण्यात मिसळणारा रंग अशी जोडी असेल, तर प्लॅस्टिकची पिशवी सोलावी तशा वरच्या रंगाच्या लांबच लांब पट्ट्या निघतात.

चौथं, घाई. खालचा हात वाळायच्या आत वरचा दिला, किंवा "एकाच हातात झाकू" म्हणून जाड थर दिला, तर वरून कातडं धरतं आणि आत रंग कच्चाच राहतो.

आधी दाराची परीक्षा

एखादा फुगा किंवा पोपडा हलकेच उघडून त्याच्याखाली काय आहे ते बघा. कोरं लाकूड दिसलं तर बहुधा ओलीचा दोष. जुन्या रंगाचा थर दिसला तर दोन थरांमध्ये पकड नाही, असं समजा.

मग जिथे रंग चांगला दिसतो तिथेही एक खात्री करून घ्या. जुन्या ब्लेडने रंगावर इंचभर लांबीची फुली मारा. तिच्यावर चिकटपट्टी घट्ट दाबून बसवा आणि एका झटक्यात ओढा. पट्टीला रंगाचे तुकडे चिकटून आले, तर तो भागही कच्चाच आहे, तोही खरवडावा लागेल. पट्टी स्वच्छ आली तर तो रंग राहू द्या. चांगला बसलेला रंग उगाच उकरायचा नसतो.

खालचा रंग कोणता, हेही घरच्या घरी ओळखता येतं. कापसाचा बोळा औषधांच्या दुकानातल्या स्पिरिटमध्ये बुडवून रंगावर थोडा वेळ चोळा. रंग मऊ होऊन कापसाला लागला तर तो पाण्यात मिसळणारा रंग. काहीच झालं नाही तर ऑइल पेंट. (स्पिरिट वापरताना जवळ गॅस किंवा निरांजन पेटलेलं नको, बरं का!)

ओलीचा दोष असेल, तर आधी ओलीचा बंदोबस्त. गळका नळ, भिंतीतून येणारी ओल, दारावर उडणारं आंघोळीचं पाणी यांचा निकाल लागल्याशिवाय रंगाला हात घालू नका. फ्लश डोअरचं प्लायवूड खालून फुगून त्याचे पदर सुटले असतील तर रंगाने ते बसणार नाहीत. सुताराकडून खराब भाग कापून घ्या, नवी पट्टी बसवा आणि न्हाणीघराच्या बाजूने खाली अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा मारून घ्या.

जुना रंग आणि घरातलं लहान मूल

आता जरा थांबून हा भाग लक्षपूर्वक वाचा. घरात रांगतं मूल असेल किंवा कुणाला दिवस गेले असतील, तर दोनदा वाचा.

जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असे. पांढऱ्या रंगासाठी सफेदा, पिवळ्या-नारिंगी छटांसाठी शिशापासून केलेली रंगद्रव्यं, आणि रंग लवकर वाळावा म्हणून घालायची शिशाची संयुगं. खिडक्यांच्या गजांना अस्तर म्हणून लावत असत तो शेंदूरही शिशाचाच. केंद्र सरकारने २०१६ साली घरगुती रंगांतल्या शिशाबद्दल नियम केले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून ते अमलात आले. त्यानुसार रंगाच्या दहा लाख भागांत शिशाचे ९० भागच चालतात, त्याहून जास्त नाही. तेव्हा त्याआधी रंगवलेलं दार असेल तर त्यात शिसं आहे असं धरूनच चाला. नुसत्या डोळ्यांनी ते ओळखता येत नाही.

घट्ट बसलेला रंग त्रास देत नाही. त्रास देतो तो पोपडा आणि त्याहून अधिक धूळ. दार चौकटीला घासत असेल तर उघड-मिटीत रंगाची बारीक पूड जमिनीवर पडत राहते. रांगणारं मूल त्याच जमिनीवर हात टेकतं आणि तोच हात तोंडात घालतं. शिशाने मुलांच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो, अभ्यासात लक्ष लागत नाही, अंगातलं रक्त कमी होतं. ताप-खोकल्यासारखं काही दिसत नाही, म्हणून आईच्या ध्यानातही येत नाही. शिशाचं अमुक एक प्रमाण निर्धोक, असं जागतिक आरोग्य संघटना मानत नाही. गरोदर बाईच्या शरीरात गेलेलं शिसं बाळापर्यंत पोचतं.

घाबरून जायचं कारण नाही, पण पुढची पथ्यं मात्र कडक पाळायची :

• काम चालू असेल तेवढे दिवस लहान मुलं आणि गरोदर बाई यांना त्या खोलीपासून लांब ठेवा. मामाचं किंवा आजीचं घर जवळ असेल तर फारच उत्तम.

• जुना रंग कोरडा घासायचा नाही. पाणी फवारून, ओला करूनच घासायचा.

• ज्योत दाखवून रंग जाळून काढायचा नाही. त्या वाफेतून शिसं थेट छातीत जातं.

• करोनाच्या काळात घरात आलेले एन-९५ मास्क असतील तर ते लावा. साधा रुमाल बांधून बारीक धूळ अडत नाही.

• काम संपल्यावर केरसुणी फिरवू नका. ओल्या फडक्याने दोनदा पुसा, फडकं टाकून द्या.

• खरवडलेला रंग पिशवीत घालून तोंड बांधा, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत घाला आणि घातक कचरा म्हणून वेगळी द्या. तुळशीच्या कुंडीत किंवा परसात झटकू नका. जुन्या दाराचे रंगीत तुकडे बंबात किंवा चुलीत तर कधीच घालू नका!

• हात साबणाने धुतल्याशिवाय चहाच्या कपाला शिवू नका. कामाचे कपडे वेगळे धुवा.

मूल पोपडे खाताना दिसलं असेल तर डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा. रक्तातलं शिसं तपासता येतं. मुलाच्या पोटात नाचणी, पालेभाज्या, डाळी, दूध नियमाने जात असेल तर शरीर शिसं कमी शोषतं, पण म्हणून धूळ तशीच राहू द्यायची असं नाही.

साहित्य

सात फूट बाय तीन फूट दाराच्या दोन्ही बाजू मिळून ४२ चौरस फूट होतात. कडा धरून दोन हातांना एक लिटर रंग पुरतो. त्याशिवाय : लाकडाचा प्रायमर अर्धा लिटर, लाकडाची लांबी थोडी, खरवडायला रुंद पत्रा, वॉटर पेपर १२०, २२० आणि ३२० नंबरचे दोन-दोन, अडीच इंची ब्रश एक आणि कडांसाठी एक इंची एक, टर्पेंटाइन, धुण्याचा सोडा, फवाऱ्याची बाटली, रबरी हातमोजे, जुनी फडकी, खाली अंथरायला जाड प्लॅस्टिक. रंग घेताना डब्यावर शिशाबद्दलचा मजकूर वाचून घ्या. माळ्यावरचा फार जुना डबा स्वस्तात पडतो म्हणून उघडू नका.

पोपडे काढताना

दिवस कोरडा निवडा. कडी, मूठ, हूक काढून एका वाटीत ठेवा. स्क्रूही त्यातच टाका, नाहीतर ऐन वेळी सापडत नाहीत. दार उघडं ठेवून खाली पाचर मारा म्हणजे हलणार नाही. जमिनीवर प्लॅस्टिक अंथरून त्याच्या कडा पट्टीने चिकटवा.

अर्धी बादली कोमट पाण्यात दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा विरघळवा. हातमोजे घालून, फडकं पिळून घेऊन दार खालून वर पुसत या. वरून सुरुवात केली तर मळक्या पाण्याचे ओघळ खाली येऊन डाग धरतात. मग दोनदा स्वच्छ पाण्याने पुसा. सोडा राहिला तर तोच पुढे रंग सोडवतो. दार रात्रभर वाळू द्या.

दुसऱ्या दिवशी पोपड्यावर पाणी फवारून पत्र्याने खरवडा. पत्रा आडवा धरा, जवळजवळ दाराला टेकलेला. उभा धरलात तर लाकडाला चरे पडतात. सुटलेल्या कडेखालून पत्रा सरकवत जा आणि रंग घट्ट लागला की थांबा. पोपडा तळहाताएवढा दिसतो, पण सुटलेला भाग पुष्कळदा त्याच्या दुप्पट निघतो. निघू द्या! कडेचा रंग नखाने उचकटत नाही, इथपर्यंत जायचं.

अर्ध्याहून अधिक दार असंच सोलून निघत असेल, तर ठिगळं लावण्यात अर्थ नाही. सगळा रंग काढून घ्यावा, तोही जाणकार माणसाकडून, मोकळ्या हवेत. रंग सोडवण्याची औषधं उग्र असतात. ती बंद खोलीत वापरणं जिवावर बेतू शकतं.

खरवडून झालं की उघडं लाकूड आणि जुना रंग यांच्यामध्ये पायरी दिसते. ही पायरी मोडणं हेच सगळ्यात महत्त्वाचं काम. नुसतं लांबीने भरलेलं असलं तर दारावर उजेड तिरका पडताच ठिगळ दिसून येतं. १२० नंबरचा वॉटर पेपर लाकडाच्या ठोकळ्याला गुंडाळा, पाणी फवारा आणि कडेवर गोल गोल घासा. मग २२० नंबरने. डोळे मिटून बोट फिरवा, पायरी बोटाला लागली नाही की झालं. उरलेल्या सगळ्या दाराचीही चकाकी जाईपर्यंत हलका हात फिरवा. पाणी फवाऱ्यानेच द्यायचं, धार धरायची नाही, नाहीतर प्लायवूड फुगेल. ओल्या फडक्याने पुसा आणि पुरता एक दिवस वाळू द्या.

दार चौकटीला घासत असेल तर याच वेळी तो भाग ओला घासून थोडा कमी करा. बिजागरीचे स्क्रू ढिले असतील तर तेही आवळून घ्या. पुष्कळदा दार फुगलेलं नसतं, नुसतं लोंबलेलं असतं!

अस्तर आणि लांबी

क्रम लक्षात ठेवा : आधी प्रायमर, मग लांबी, मग पुन्हा प्रायमर. कोऱ्या लाकडावर थेट लांबी लावली तर लाकूड तिच्यातलं तेल शोषून घेतं आणि लांबी सुकून गळून पडते.

उघड्या लाकडावर प्रायमरचा पातळ हात द्या. दाराची खालची आणि वरची कड याच वेळी रंगवा. दार काढलेलं नसेल तर खालच्या कडेसाठी जुन्या गालिच्याचा तुकडा प्रायमरमध्ये भिजवून दाराखालून दोन्ही हातांनी ओढत न्या. वरच्या कडेसाठी स्टूल घ्या. कुणी बघणार नाही, पण पुढचे पावसाळे याच कडांवर निभतात.

रात्रभर वाळल्यावर खड्ड्यांत लांबी भरा, पत्र्याने ओढून सपाट करा. एकदम जाड थर नको, दोनदा पातळ भरा. आणि एक सांगून ठेवते : भिंतीची सिमेंटची पुट्टी दाराला लावू देऊ नका. लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. सिमेंट तसं हलत नाही, ते तडकतं. लांबी पूर्ण वाळली की ३२० नंबरने हलकं घासून, पुसून, त्यावर प्रायमरचा दुसरा हात सगळ्या दारभर द्या.

रंगाचे दोन हात

प्रायमर वाळला की ३२० नंबरचा कागद नुसता फिरवा, पुसा, आणि आता रंग. डबा काडीने तळापासून ढवळा. लागेल तेवढाच रंग वाटीत काढून घ्या, म्हणजे डब्यात धूळ जात नाही. ब्रश एक तृतीयांशच बुडवायचा.

दार सपाट असेल तर वरून खाली, फूट-दीड फुटाचा एकेक पट्टा घ्या. आधी आडवा पसरा, मग ब्रश हलका करून उभा ओढा. पॅनेलचं दार असेल तर आधी पॅनेल आणि त्यांच्या नक्षीच्या कडा, मग आडव्या पट्ट्या, शेवटी उभ्या. एकदा ओढलेल्या भागावर पाच मिनिटांनी पुन्हा ब्रश फिरवायचा मोह आवरा. तिथेच वळ उठतात. खिडक्या उघड्या ठेवा, पण पंखा रंग देताना बंद ठेवा. धूळ उडून रंगावर बसते.

ऑइल पेंटचा पहिला हात पूर्ण एक दिवस वाळू द्या, हवा दमट असेल तर दोन. मग हलकं घासून, पुसून दुसरा हात. पाण्यात मिसळणारं एनॅमल हल्ली मिळतं. त्याला वास कमी, वाळतंही लवकर, पण जुन्या ऑइल पेंटवर ते द्यायचं तर घासणं आणि प्रायमर दोन्ही झालंच पाहिजे. रंग बोटाला लागेनासा झाला म्हणजे पक्का झाला असं नाही, त्याला आठवडाभर लागतो. तोवर दाराला टॉवेल, पिशव्या टांगू नका. दार चौकटीला चिकटू नये म्हणून कडांना थोडी टाल्कम पावडर लावा.

तेल-टर्पेंटाइनची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. रंगातलं तेल वाळताना उष्णता निर्माण होते आणि बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. फडकी पाण्यात भिजवून ठेवा किंवा बाहेर पसरून वाळवा, मगच टाका.

रंगारी बोलावणार असाल तर

सगळ्याच जणींना हे स्वतः करायला जमेल असं नाही, आणि त्यात कमीपणाही नाही. पण वर लिहिलेलं ठाऊक असलं, की "वहिनी, वरून हात मारला की काही दिसत नाही बघा" या वाक्याला उत्तर देता येतं. रंगाऱ्याला कामाआधीच विचारा : पोपडे खरवडणार का? ओलं घासणार का? लांबीच्या आधी प्रायमर देणार का? वरच्या-खालच्या कडा रंगवणार का? मजुरी ठरवताना खरवडण्या-घासण्याचे दिवस धरूनच ठरवा. तयारीचे पैसे कापले, की रंगारी तयारीच कापतो!

आणखी एक. आपल्या घरात ही धूळ दोन दिवस असते, रंगाऱ्याच्या छातीत ती वर्षानुवर्षं साठते. त्यालाही एक मास्क द्या, घासायला पाण्याची बादली भरून द्या. चहा देण्यापूर्वी हात धुवायला साबण पुढे करा. त्याच्याही घरी लेकरं असतात, आणि कपड्यांवरची धूळ त्यांच्यापर्यंत जाते.

सगळा हिशेब मांडला तर एका दाराला पाच-सहा दिवस लागतात, पण रोजचं काम तास-दोन तासांचंच. बाकीचा वेळ नुसता वाळण्याचा. तेव्हा दिवाळीच्या आदल्या आठवड्यात घाई करण्यापेक्षा दसऱ्यालाच एक दार हाती घ्या. सगळ्यात आधी कोणतं घ्यायचं? जे बाळाच्या उंचीला सोललेलं आहे, ते!